आलं का उत्तर?

अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे अर्ज रवाना झाले की मुलांची परीक्षा संपते आणि घरादाराची सुरू होते. जानेवारी ते एप्रिल हे चार महिने काढायचे तरी कसे?

रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. जेवणे उरकली, टीव्ही बंद झाला, आजी कधीच झोपी गेल्या. आतल्या खोलीत मात्र दिवा जळतो आहे. मुलगी मोबाइल पुढ्यात घेऊन बसली आहे, कारण या वेळी न्यू यॉर्कमध्ये भर दुपार असते आणि कॅलिफोर्नियात नुकतेच सकाळचे नऊ वाजलेले असतात. तिकडची कार्यालये उघडतात तेव्हा आपल्याकडे निजानीज होते. म्हणून उत्तर यायचे तर ते रात्रीच येणार, हे तिने मनाशी पक्के केले आहे. बाहेरच्या खोलीत वडील पेपर वाचण्याचे सोंग करत जागे आहेत. विचारायचे नाही असे ठरले आहे, म्हणून ते विचारत नाहीत. पण झोपतही नाहीत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये असे घर पुण्यात सापडते तसेच इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, नागपूर इथेही सापडते. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत भारताचा क्रमांक पहिला होता. त्यातले १,९६,५६७ जण पदवीनंतरच्या शिक्षणासाठी, म्हणजे एम.एस., पीएच.डी. वगैरेंसाठी गेलेले. ही झाली पोहोचलेल्यांची संख्या. ज्यांनी अर्ज केले, वाट पाहिली आणि ज्यांना नकार आले, त्यांची मोजदाद या आकड्यांत नाही.

या वाट पाहण्याला पैशांचेही वजन असते, हे विसरून चालत नाही. जी.आर.ई., टोफेल या परीक्षांचा खर्च वेगळा. त्यावर प्रत्येक अर्जाची फी, साधारण ७५ ते १२५ डॉलर. मुले सहसा आठ-दहा ठिकाणी अर्ज करतात. आठच धरले तरी सहाशे ते हजार डॉलर झाले. रुपयांत हा आकडा पन्नास हजारांच्या पुढेच जातो आणि उत्तर काहीही आले तरी यातला एक पैसा परत मिळत नाही. मध्यमवर्गीय घरात मुलाला हे नेमके ठाऊक असते. त्याची निम्मी घालमेल त्याचीच असते.

शिवाय शिफारसपत्रांची धाकधूक. बहुतेक ठिकाणी तीन पत्रे लागतात आणि ती प्राध्यापकांनी स्वतः संगणकावरून पाठवायची असतात. आपल्याकडचे सर परीक्षांचे पर्यवेक्षण, पेपर तपासणी आणि महाविद्यालयाच्या समित्या यांत बुडालेले. "सर, तेवढं पत्र..." असे तिसऱ्यांदा म्हणताना मुलांच्या घशाला कोरड पडते. पुष्कळदा सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी बघतो." आपलीच स्तुती आपणच लिहायची हा प्रकार मुलांना अवघड करून सोडतो. तो प्रामाणिकपणाचाही नाही, पण त्याविषयी इथे नको, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

तिकडे नेमके काय चाललेले असते?

अर्ज गेला म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणीतरी तो वाचायला घेतो, अशी आपली समजूत असते. तसे होत नाही. पीएच.डी.च्या पुष्कळशा अर्जांची मुदत डिसेंबरमध्ये संपते आणि लगेच नाताळची सुटी लागते. विद्यापीठाचे कार्यालय आधी फक्त कागदपत्रे पुरी आहेत का, गुण आले का, पत्रे आली का एवढेच पाहते. पुरा झालेला अर्ज मग त्या-त्या विभागाच्या समितीकडे जातो. ही समिती म्हणजे काही पूर्णवेळ बसलेले अधिकारी नव्हेत. विभागातलेच चार-सहा प्राध्यापक असतात. ते वर्ग घेतात, स्वतःचे संशोधन करतात आणि उरलेल्या वेळात शेकडो अर्ज वाचतात. खरे वाचन सुरू होते ते जानेवारीत.

पीएच.डी.च्या जागा विभागाकडे किती पैसा आहे यावर ठरतात. तिकडे पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला सहसा फी माफ असते आणि वर दरमहा विद्यावेतन मिळते. त्याबदल्यात तो पदवीच्या मुलांना शिकवतो किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पावर काम करतो. म्हणजे ज्या विषयाच्या प्राध्यापकाकडे यंदा अनुदान नाही, त्या विषयाचा हुशार मुलगासुद्धा मागे पडतो. यात मुलाची लायकी कमी ठरत नाही, पण नकाराच्या पत्रात हे कोणी लिहीत नाही. दोनच ओळी असतात: अर्ज फार आले, जागा थोड्या होत्या.

एम.एस.चे गणित वेगळे. तिथे बहुतेक विद्यार्थी स्वतःचे किंवा कर्जाचे पैसे भरतात. अर्जांची संख्या मोठी असते आणि काही ठिकाणी अर्ज येतील तसतसे निर्णय होतात. त्यामुळे एकाला जानेवारीत होकार येतो आणि त्याच वर्गातल्या दुसऱ्याला एप्रिल उजाडेपर्यंत काहीच कळत नाही.

विभागाने नाव सुचवले तरी काम संपत नाही. विद्यापीठाच्या मुख्य कार्यालयाची मान्यता व्हावी लागते. म्हणून कधी प्राध्यापकाचे अभिनंदनाचे पत्र आधी येते आणि संकेतस्थळावर मात्र आठवडाभर "अर्ज विचाराधीन" असेच दिसत राहते. याच्या उलट नकार. ते पुष्कळ ठिकाणी शेवटी, एकगठ्ठा पाठवले जातात. मार्चच्या मध्यावर तुमच्या मुलीला काहीच आलेले नसेल तर तिचे नाव प्रतीक्षायादीत असू शकते, नकार ठरून पत्र निघायचे राहिले असू शकते किंवा मान्यतेचा कागद कुठल्या टेबलावर पडलेला असू शकतो. या तिन्हींतला फरक नागपुरात बसून कळणे अशक्य आहे.

तरीही मुले अंदाज बांधत राहतात. "त्याला काल आलं, त्याचे मार्क माझ्यापेक्षा कमी आहेत, म्हणजे माझं गेलंच!" मित्राने कोणत्या विभागात अर्ज केला, कोणत्या विषयात काम करायचे म्हटले, तिथे कोणाकडे जागा होती, यातले काहीही माहीत नसताना हा निष्कर्ष निघतो. अशा अंदाजांची पत्रिका पाहण्याहून जास्त किंमत धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाड पाकीट, पातळ पाकीट

हे सगळे पूर्वीही होते. फक्त तेव्हा ते पोस्टमनच्या पिशवीतून येत असे. अमेरिकेचे पाकीट जाड असेल तर होकार, कारण आत प्रवेशाचे फॉर्म आणि व्हिसासाठी लागणारा कागद असायचा. पातळ असेल तर नकाराची एकच चिठ्ठी. पाकीट हातात पडताच, न फोडताच आईचा चेहरा बदलायचा. त्या काळात एक सोय मात्र होती. पोस्टमन यायची वेळ ठरलेली. तो येऊन गेला की पुढच्या टपालापर्यंत माणूस मोकळा. आता विद्यापीठाचे पान दिवसातून शंभरदा उघडता येते, म्हणून ते शंभरदा उघडले जाते. माझ्या मावसबहिणीचा मुलगा आंघोळीला जातानाही फोन बरोबर नेत असे. तिने शेवटी नियम केला की सकाळी उठल्यावर एकदा पाहायचे, आणि जेवताना हा विषय काढायचा नाही. पहिले चार दिवस त्याची चिडचिड झाली. नंतर तो निदान झोपू लागला.

सकाळचा नियम सोयीचाही आहे. पूर्व किनाऱ्यावरचा कार्यालयीन दिवस संपतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन झालेले असतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर, त्यांची घड्याळे पुढे गेली की, अडीच. पश्चिम किनारा त्याहून तीन तास मागे. म्हणजे सकाळी सातला पाहिले तर तिकडच्या सगळ्या दिवसाचा निकाल एकदमच कळतो. रात्र जागून एक अक्षरही जास्त हाती लागत नाही.

अमेरिकेतल्या शिक्षणासाठी अशी वाट आपल्या मराठी घरात पहिल्यांदा कोणी पाहिली असेल, तर आनंदीबाई जोशी यांचे नाव घ्यावे लागेल. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार आगबोटीच्या गतीने चाले. एप्रिल १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, तेव्हा महाविद्यालयाचा प्रवेश हातात नव्हता. जूनमध्ये तिकडे पोहोचल्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज केला आणि त्याच वर्षी प्रवेश मिळवला. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. आज असे निघता येत नाही. प्रवेश, मग पैशांचा पुरावा, मग व्हिसा असा क्रम पक्का आहे.

मुलगा वाट पाहतो तेव्हा, मुलगी वाट पाहते तेव्हा

या विषयावर घराघरांतून ऐकू येणारी एक गोष्ट फारशी छापली जात नाही. मुलाची वाट आणि मुलीची वाट सारखी नसते.

मुलाला सगळीकडून नकार आले तर घर हळहळते, पण म्हणते, "असू दे, नोकरी कर, पुढच्या वर्षी पुन्हा बघ." मुलीच्या बाबतीत त्या वर्षाला मुदत घातलेली असते. "एवढं वर्ष बघू, नाहीतर मग स्थळं बघायला सुरुवात करू." हे वाक्य बोलणारी माणसे वाईट नसतात. ती तिच्यावर प्रेम करतात, कर्ज काढायलाही तयार असतात. पण या एका वाक्याने त्या सात-आठ अर्जांवर सारे आयुष्य लटकून राहते. मुलगा उत्तराची वाट पाहतो. मुलगी निकालाची वाट पाहते, आणि तोही अशा खटल्याचा, ज्यात तिला अपील नाही. त्यातच एखादी आत्या फोन करून विचारते, "अगं, आलं का गं तुझं काही? चांगलं स्थळ आहे, तेही तिकडचंच आहे!" म्हणजे अमेरिकेला जायचेच ना, मग असे गेले काय आणि तसे गेले काय!

अशा आत्याबाईंना आणि त्यांचे ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांना एक साधी माहिती द्यावी. जी.आर.ई.चे गुण परीक्षेपासून पाच वर्षे चालतात, टोफेलचे दोन वर्षे. म्हणजे दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा तर सगळे पहिल्यापासून करावे लागत नाही. मधल्या वर्षात नोकरीचा किंवा एखाद्या प्रयोगशाळेतला अनुभव जमा झाला तर अर्ज बळकटच होतो. दोन वर्षे काम करून मग गेलेले विद्यार्थी तिकडे नवलाचे नाहीत. तेव्हा मुलीला जानेवारीतच, उत्तर यायच्या आधी, स्पष्ट शब्दांत सांगावे की यंदा नाही झाले तर पुढच्या वर्षीही घर तुझ्या पाठीशी आहे. नकार आल्यावर सांगितलेले सांत्वन वाटते. आधी सांगितले की त्याचा तिला खरा आधार होतो. आणि ज्या घराला असे सांगायचे नसेल, त्याने निदान "आम्ही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही" हे वाक्य पाहुण्यांसमोर बोलू नये.

नोकरी, कर्ज आणि घाई

अंतिम वर्षाच्या मुलांना याच काळात महाविद्यालयातून नोकरीही मिळालेली असते. रुजू व्हायची तारीख जून-जुलैची. घ्यावी की सोडावी? करारात दोन वर्षे बांधून घेण्याची अट नसेल तर घ्यावी, असे मला वाटते. घरी बसून वाट पाहणे अंगावर येते. होकार आला की मात्र कंपनीला ताबडतोब आणि खरे कारण सांगावे. पुढच्या वर्षी त्याच महाविद्यालयातली मुले तिथे मुलाखतीला जाणार असतात.

होकार हातात नसताना बँकेच्या खेपा घालून कागद जमवायला हरकत नाही. पण प्रवेशपत्राशिवाय कर्ज मंजूर होणे कठीण असते आणि त्याआधी गावचा जमिनीचा तुकडा विकायला काढणे किंवा मुदत ठेव मोडणे म्हणजे उतावळेपणा. याच दिवसांत "आमची आत ओळख आहे, निकाल आधी काढून देतो" म्हणणारे दलालही भेटतात. विभागाच्या समितीचा निर्णय इथल्या कोणालाही आधी कळत नाही. अशांना पैसे देऊ नयेत. चौकशी करायचीच तर मार्चच्या मध्यानंतर उमेदवाराने स्वतः विभागाला एकच नम्र पत्र पाठवावे. वडिलांनी पाठवू नये. तिकडचे लोक उमेदवाराशीच बोलतात आणि वडिलांचे पत्र पाहून त्यांना उमेदवाराविषयी भलतीच शंका येते.

आता १५ एप्रिलविषयी. अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या विद्यापीठांची 'कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स' ही संस्था आहे. तिच्या ठरावानुसार, विद्यावेतन किंवा शिष्यवृत्तीसह आलेल्या होकाराला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. बऱ्याच मोठ्या विद्यापीठांनी या ठरावावर सही केलेली आहे. तेव्हा "तीन दिवसांत कळवा, नाहीतर जागा जाईल" असे कोणी म्हटले तर ते विद्यापीठ या यादीत आहे का ते पाहावे आणि नम्रपणे ठरावाची आठवण करून द्यावी. हा नियम पैशांच्या मदतीसह आलेल्या होकारांसाठी आहे. स्वखर्चाच्या एम.एस.ला तो लागू होत नाही. तिथे जागा राखण्यासाठी अनामत भरायची तारीख ज्याची त्याची वेगळी असते, म्हणून पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे.

याच तारखेची दुसरी बाजू आपण विसरतो. विभागाने दिलेले होकार अडून बसले की प्रतीक्षायादी पुढे सरकत नाही. एखाद्याकडे चार होकार असतात, त्याला जायचे असते एकाच ठिकाणी, पण बाकीचे तीन तो कौतुकापोटी एप्रिलपर्यंत धरून ठेवतो. नातेवाइकांना सांगायला चार हा आकडा बरा वाटतो. तिकडे कोइंबतूरची किंवा गुवाहाटीची एखादी मुलगी त्यातल्याच एका जागेसाठी रात्री जागत असते. जिथे जायचे नाही तिथे त्याच आठवड्यात नकार कळवावा. पत्र लिहायला पाच मिनिटे लागतात.

होकार आला म्हणजे सारे मिळाले, असे २०२५ सालाने राहू दिले नाही. संशोधनाच्या सरकारी निधीत कपात झाल्याने त्या वर्षी काही विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या. मॅसॅच्युसेट्सच्या यूमास चॅन वैद्यकीय महाविद्यालयाने तर दिलेले होकार परत घेतले. मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींसाठी नव्या तारखा देणे थांबवले. त्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाल्या, पण ऑगस्टमध्ये वर्ग भरणार असताना मधले ते आठवडे ज्या घरांनी काढले, त्यांना त्याचा अर्थ विचारावा. नोकरीचा राजीनामा, घर भाड्याने देणे, परत न मिळणारे विमानाचे तिकीट हे सगळे व्हिसा पासपोर्टवर उमटल्यानंतरच.

झोप उडणे, जेवण कमी होणे, कोणाशी न बोलणे हे आठ-पंधरा दिवसांहून जास्त चालले तर मात्र "होईल ठीक" म्हणून सोडून देऊ नये. 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते आणि मराठीतही बोलता येते. फोन करायला वेड लागावे लागत नाही.

इथली दारेही याच काळात उघडी असतात, हे परदेशाच्या नादात राहून जाते. 'गेट' परीक्षा फेब्रुवारीत होते, निकाल मार्चमध्ये लागतो आणि गुण तीन वर्षे चालतात. आय.आय.टी.च्या एम.टेक.च्या जागांचे वाटप उन्हाळ्यात फेऱ्याफेऱ्यांनी होते, म्हणजे अमेरिकेची उत्तरे येऊन गेल्यानंतर. ज्याने आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 'गेट'चा अर्ज भरून ठेवला, त्याचा मार्च इतरांपेक्षा पुष्कळ सोपा जातो. दुसरा पर्याय म्हणून तो भरावा असे घरात सुचवले की मुले रागावतात. तरी सुचवावे.

उत्तरे आली की, होकार असो वा नकार, पेढे वाटण्याच्या किंवा दार लावून बसण्याच्या गडबडीत एक काम हमखास राहते. ज्या तीन प्राध्यापकांनी पत्रे पाठवली, त्यांना निकाल कोणी कळवतच नाही. त्यांना एक फोन करावा किंवा जाऊन भेटावे. नकार आले असतील तर जास्तच अगत्याने जावे. ते अर्ज पुन्हा नजरेखालून घालून कुठे काय कमी पडले ते सांगू शकतात, जे विद्यापीठ कधीच सांगत नाही. आणि पुढच्या वर्षीचे अर्ज सप्टेंबरपासून सुरू होतात, तेव्हा पत्र त्यांच्याकडेच मागायचे असते.